खोली तिरकी, पडदा सरळ!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असा असतोच, ज्याला मोबाइल, हेडफोन, लॅपटॉप काहीही घेण्याआधी सगळे विचारतात. आमच्या ग्रुपमध्ये तो मी. चार रिव्ह्यू पाहिले की माझ्या अंगात तज्ज्ञ संचारतो आणि मी बिनधास्त दुसऱ्याचे पैसे खर्च करायला लावतो. मार्चमध्ये असेच एका मित्राचे १८ हजार रुपये मी खर्च करवले. दोन लग्नसराया केटररकडे वाढपी म्हणून राबून त्याने ते जमवले होते. ‘टीव्ही नको, प्रोजेक्टर घे. शंभर इंच मिळतात!’ असं मी छातीठोकपणे सांगितलं. फक्त एक गोष्ट राहिली. त्याची खोली मी पाहिलेलीच नव्हती.

मित्राचं घर पवनारचं. वर्ध्याहून नागपूरकडे निघालात की आठ-दहा किलोमीटरवर हे गाव लागतं. तुमच्यापैकी निम्मे जण तिथे धाम नदीच्या खडकांवर फोटो काढायला गेलेच असतील. समोरच्या काठावर विनोबांचा आश्रम, नदीत गांधीजींच्या रक्षाविसर्जनाची आठवण. गावात थिएटर नाही. पिक्चर पाहायचा तर वर्धा, नाही तर नागपूर. मित्राच्या आजीचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे तिच्यासाठी वर्धा आणि लंडन सारखंच. ‘आजीले एक पिच्चर मोठ्या पडद्यावर दाखवतो,’ हा त्याचा प्लॅन होता. आणि माझ्या सल्ल्यावर तो अवलंबून होता.

खोली बघितली आणि माझा घसा कोरडा पडला.

घर जुनं, कवेलूचं. ज्या खोलीत पूर्वी कापूस भरून ठेवायचे ती आम्हाला मिळाली होती. गल्ली जिथे वळते तिथे भिंतही वळलेली, त्यामुळे खोलीचा एकही कोपरा धड काटकोनात नाही. छत एका बाजूला ११ फूट उंच आणि उतरत उतरत दुसऱ्या बाजूला साडेसहा. पडदा लावण्यासारखी उंच भिंत एकच. आणि तिच्यापासून साडेसात फुटांवर, खोलीच्या जवळपास मधोमध, एक लाकडी खांब.

‘खांबालाच फळी ठोकू,’ मी म्हणालो.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘त्या खांबाले उधई लागली आहे. खिळा मारायचा नाही. भिंतीले भोक पाडायचं नाही. बाकी काय करायचं ते करा.’

तर तुम्हीही प्रोजेक्टरचा विचार करत असाल, तर खोकं फोडण्याआधी नाही, ऑर्डर देण्याआधी एक आकडा शोधा: थ्रो रेशो. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच ते. मित्राच्या प्रोजेक्टरचा होता १.४. म्हणजे १ मीटर रुंद चित्रासाठी लेन्स १.४ मीटर लांब हवी. शंभर इंच हे तिरकं माप असतं, कोपऱ्यातून कोपऱ्यात. १६:९ च्या चित्रात त्याची रुंदी होते २.२१ मीटर. गुणिले १.४, म्हणजे ३.१ मीटर, सव्वादहा फुटांच्या आसपास. आमच्याकडे खांबाच्या अलीकडे होते जेमतेम सात फूट. त्यात मिळतं ७० इंचांच्या आत-बाहेर चित्र, आणि तेही प्रोजेक्टर लोकांच्या मांडीवर ठेवून. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे. मी तो पैसे गेल्यावर केला.

शॉर्ट थ्रो नावाचे प्रोजेक्टर असतात, अगदी भिंतीला चिकटून मोठं चित्र देणारे अल्ट्रा शॉर्ट थ्रोही असतात. अडचणीच्या खोलीवरचा तो सरळ इलाज. पण त्यांच्या किमतीत मित्राला आणखी बऱ्याच लग्नांत वाढावं लागलं असतं. तो विषय तिथेच संपला.

पहिला प्रयत्न जो सगळे करतात तोच. प्रोजेक्टर खांबाच्या मागे, पण बाजूला सरकवून ठेवला, म्हणजे खांबाची सावली पडणार नाही. चित्र भिंतीवर पडलं ते एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटकं. मित्र म्हणाला, ‘अबे, हा तर समोसा दिसून राहिला.’ मी मेन्यूत जाऊन कीस्टोन करेक्शन ऐटीत चालू केलं. समोशाचा चौकोन झाला. टाळ्या. मग सबटायटल्स आले आणि टाळ्या थांबल्या. डावीकडची अक्षरं स्पष्ट, उजवीकडची दुधात बुडवल्यासारखी.

कमानीच्या माथ्यावर जो पाचरीच्या आकाराचा दगड बसवतात त्याला कीस्टोन म्हणतात. वाकड्या पडलेल्या चित्राचा आकार तसाच, म्हणून हे नाव. हे करेक्शन प्रोजेक्टर करतो कसं? तो प्रकाश वाकवत नाही. आतल्या छोट्या पॅनेलवरचं चित्र तो उलट्या बाजूने वाकडं करतो, म्हणजे भिंतीवर पडताना ते सरळ दिसेल. यात पॅनेलचा काही भाग रिकामाच राहतो. तुम्ही पैसे दिलेले पिक्सेल वाया गेले, उजेड कमी झाला, आणि त्या रिकाम्या भागातूनही चित्राभोवती फिकट राखाडी पट्टा दिसत राहतो तो वेगळाच. शिवाय भिंतीची एक कड लेन्सपासून लांब आणि दुसरी जवळ हे सत्य काही बदलत नाही, म्हणून फोकस दोन्हीकडे एकदम बसत नाही. ‘ऑटो कीस्टोन’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तो ऑटो हेच काम आपोआप करतो, नुकसानासकट. थोडंफार ठीक आहे, पण आमच्याएवढं तिरकं असेल तर नाही. महागड्या मशीनमध्ये लेन्स शिफ्ट असतं, तिथे लेन्सच सरकते आणि पिक्सेल वाया जात नाहीत. ते आमच्या बजेटच्या बाहेर.

मजा म्हणजे ही डोकेदुखी नवीन नाही. जुन्या सिंगल स्क्रीन थिएटरमध्ये प्रोजेक्टर बाल्कनीच्याही वर असायचा आणि पडदा खाली, म्हणजे वरून तिरका मारा. तिथे फिल्मच्या पुढे धातूची एक पट्टी असते, चौकटीची खिडकी असलेली. त्या खिडकीच्या कडा कानशीने घासून घासून मुद्दाम वाकड्या करायचे, म्हणजे पडद्यावर चौकट सरळ दिसेल. आपलं कीस्टोन बटण म्हणजे ती कानस.

दुसरा प्रयत्न माझ्या सुपीक डोक्यातला. अंतर कमी आहे ना? मग प्रकाशाची वाटच दुमडू. प्रोजेक्टर उलट्या दिशेला तोंड करून ठेवायचा, समोर आरसा, आरशावरून प्रकाश परत पडद्यावर. अंतर दुप्पट झाल्यासारखंच. कल्पना चुकीची नाही. पूर्वी मोठाल्या पेटीसारखे रिअर प्रोजेक्शन टीव्ही यायचे, त्यांच्यात आरसेच असायचे. चित्र उलटं पडतं, पण मेन्यूत ‘रिअर’चा पर्याय निवडला की सुलटं होतं. काकूंच्या जुन्या ड्रेसिंग टेबलचा आरसा काढला, पाटावर विटेच्या आधाराने उभा केला. चित्र पडलं. पण प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचं एक फिकट भूत उभं! घरच्या आरशात काच पुढे असते आणि चकाकणारा थर तिच्या मागे. थोडा प्रकाश काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनच परततो, बाकीचा मागच्या थरावरून, आणि दोन चित्रं पडतात. याला पुढच्या पृष्ठभागावर थर दिलेला खास आरसा लागतो. तो महाग, आणि बोट लागलं तरी डागाळणारा. आरसा परत ड्रेसिंग टेबलला गेला. काकूंनी विचारलं, ‘झालं का पोट्टेहो तुमचं? जेवाले या.’

जेवताना उत्तर मिळालं. आम्ही ओसरीत बसलो होतो आणि ओसरीतून त्या खोलीत उघडणारी एक लहानशी खिडकी आहे, पूर्वी तिच्यातून आत कापूस टाकत असतील. मित्र पोळीचा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. ‘प्रोजेक्टर खोलीतच पाहिजे असं कोणी सांगितलं बे?’

कुणीच नाही. थिएटरमध्ये तरी तो कुठे हॉलमध्ये असतो? मागच्या भिंतीतल्या छोट्या झरोक्यातूनच तो प्रकाश येतो. त्यामागे कारण होतं आगीचं. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, प्रचंड ज्वालाग्राही, एकदा पेटली की विझवणं महाकठीण. म्हणून प्रोजेक्टरची खोली वेगळी ठेवायचे. आपल्याकडे १९१८ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा आला, तो फक्त सेन्सॉरसाठी नव्हता, थिएटरच्या परवान्याचा आणि प्रेक्षकांच्या सुरक्षेचा विचारही त्यात होता. आता आग लागत नाही, पण पंख्याचा घर्रघर्र आवाज आणि मशीनची गरम हवा दोन्ही खोलीबाहेर राहतात, हा फायदा आजही आहे.

खिडकीपासून उंच भिंत साडेदहा फूट. अंतर मिळालं! पण खिडकी त्या भिंतीच्या बरोबर समोर नव्हती, तिरकी होती. पुन्हा समोसा? इथे आम्हाला ती गोष्ट कळली जी पहिल्या दिवशी कळायला हवी होती. प्रोजेक्टर पडद्याच्या समोर सरळ हवा, भिंतीच्या नव्हे. आणि पडदा भिंतीला चिकटलेलाच हवा असा काही नियम नाही. आम्ही पडदा भिंतीवरून काढला, वरच्या फाट्यांना तारेने बांधून मोकळा लटकवला आणि खिडकीकडे तोंड होईपर्यंत फिरवला. खालून एक बांबू ओवला, म्हणजे ताण राहील. खोलीच्या नजरेने पडदा तिरका, लेन्सच्या नजरेने एकदम सरळ. कीस्टोन शून्य. खिळा एकही नाही. काका येऊन वर-खाली बघून गेले, काही बोलले नाहीत. म्हणजे पास.

आणि खांब? तो खिडकीपासून तीन फुटांवर आला. लेन्सजवळ प्रकाशाचा झोत अरुंद असतो. तीन फुटांवर त्याची रुंदी तीन भागिले १.४, म्हणजे दोन फुटांच्या थोडी वर. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक फूट. खांब दीड फूट बाजूला होता. इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या तो बिचारा झोताच्या वाटेतच नव्हता.

मग शंभर इंचांचा हट्ट सोडायची पाळी आली. खोक्यावर ९,००० ल्युमेन्स छापलेत. हा आकडा बघून भुलू नका. विश्वास ठेवायचा तर ‘आन्सी ल्युमेन्स’ असं लिहिलंय का ते बघा. त्या पद्धतीत चित्राच्या नऊ जागी उजेड मोजून सरासरी काढतात. आम्ही मोबाइलच्या लक्समीटर अ‍ॅपने तसंच केलं (मोबाइलचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नाही, अंदाज म्हणूनच घ्या). सरासरी १४० लक्स, पडद्याचं क्षेत्रफळ २.१६ चौरस मीटर. गुणाकार केला तर ३०० च्या आसपास. नऊ हजार कुठे आणि तीनशे कुठे! ‘फोर-के सपोर्ट’चंही तसंच असतं. सपोर्ट म्हणजे फोर-के फाइल तो स्वीकारतो, दाखवतो मात्र स्वतःच्या पॅनेलएवढीच. बघायचं असतं ते ‘नेटिव्ह’ रिझोल्युशन.

पण तीनशेही फेकून देण्यासारखे नाहीत. थिएटरमध्ये डिजिटल सिनेमाच्या पडद्यासाठी चमकीचं प्रमाण आहे ४८ निट्स. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर ३०० ल्युमेन्स शंभर इंचांत पसरले तर ३५ निट्स मिळतात. आम्ही पडदा दीड फूट पुढे घेतला, चित्र ८८ इंचांचं झालं आणि चमक पोचली ४५ च्या जवळ. चित्र छोटं केलं की तोच उजेड दाट होतो. आजीच्या डोळ्यांना मोतीबिंदूची सुरुवात आहे, तिला १२ इंच मोठ्या चित्रापेक्षा हे बरं.

अर्थात हे सगळं अंधारात. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, काळा म्हणजे जिथे प्रकाश पडत नाही ती जागा. दिवसा तुमचा पडदा बंद असताना जेवढा पांढरा दिसतो, तेवढाच तुमचा ‘काळा’. कवेलूच्या फटींतून दुपारी आमच्या खोलीत उन्हाच्या नाण्यांचा सडा पडायचा. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस आला तेव्हा त्या फटी बुजल्या. हा खर्च घरचा, आमच्या बजेटमध्ये धरलेला नाही. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीही उजेड परत पडद्यावर फेकतात, म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंना काकूंची गडद लुगडी टांगली.

पडदा कसला होता? आधी फ्लेक्सची पांढरी बाजू वापरली. निवडणुकीनंतर फ्लेक्सला काय तोटा! पण तो चकाकतो, मधोमध एक तेजस्वी गोळा दिसतो. शेवटी जाड ब्लॅकआउट पडद्याचं कापड शिवून घेतलं, खाली-वर नळीसारखी दुमड. वर्ध्यातल्या शिंप्याने विचारलं, ‘एवढा मोठा पडदा, दार केवढं आहे?’

आवाजाची मात्र मला सगळ्यात जास्त भीती होती आणि तिथेच काही करावं लागलं नाही. तुमच्या हॉस्टेलच्या रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा. ट्रर्र असा आवाज मागे रेंगाळतो ना? दोन समोरासमोरच्या समांतर भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटत राहतो. म्हणून रेकॉर्डिंग स्टुडिओत भिंती मुद्दाम तिरक्या बांधतात. आमच्या खोलीत ते काम गल्लीच्या वळणाने फुकटात करून ठेवलं होतं. वर उतरतं छत, खाली गोधड्या, पडद्यामागे कापसाची चार जुनी पोती. टाळी वाजवली की संपली. एकच काळजी घ्या. स्पीकर ब्लूटूथने जोडला तर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. साधी ऑक्स वायर लावा.

उन्हाळ्यात मात्र सांभाळून. अशा मशीन साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायच्या असतात. वर्ध्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. छताजवळ टांगला असता तर कवेलूखालच्या सगळ्या धगीत तो शिजला असता. खिडकीतही आम्ही रात्री नऊच्या आधी लावत नव्हतो. मागच्या जाळीपाशी हातभर जागा मोकळी, आणि आठवड्यातून एकदा ब्रशने झटकणं. कापसाच्या घरात बारीक तंतू कुठे कुठे जातात ते जाळी उघडल्यावर दिसतं.

जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, शो ठरला. आजीला विचारलं, कोणता पिक्चर? ती म्हणाली, ‘श्यामची आई’. लहानपणी यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये, तंबूत, खाली बसून तिने तो अर्धा पाहिला होता. अर्ध्यात पाऊस आला आणि बाप तिला घरी घेऊन गेला. (तंबूतल्या त्या टॉकीजचे शेवटचे दिवस पाहायचे असतील तर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा २०१६ चा माहितीपट शोधा. कान महोत्सवात त्याचा खास गौरव झाला होता.)

१९५३ चा आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. गोष्ट साने गुरुजींची. आणि पवनारमध्ये तो लावताना मला उगाच एक जोडणी दिसली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि ते उतरवून घेणारे होते साने गुरुजीच. काकांना हे आधीपासून माहीत होतं. मासकॉमची डिग्री माझ्याकडे.

जुन्या चित्रपटाची चौकट आजच्यासारखी लांबट नसते, चौकोनाकडे झुकणारी असते. त्यामुळे आमच्या साडेसहा फूट पडद्यावर चित्र जेमतेम पाच फूट रुंद, दोन्ही कडांना काळे पट्टे. मित्राने झूम करून ते भरून काढायचा प्रयत्न केला, तर वनमालाबाईंचं कपाळ कापलं गेलं. मी रिमोट काढून घेतला. घरचे सहा आणि शेजारची चार पोरं. तिकीट नाही. तिकीट लावून किंवा गावासाठी जाहीर शो करणार असाल तर हक्कांची परवानगी लागते, एवढं लक्षात ठेवा.

मध्यंतराच्या आसपास लाइन गेली. अंधारात कवेलूवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. मित्र माझ्याकडे बघत असावा असं मला वाटलं, दिसत काहीच नव्हतं. आजी म्हणाली, ‘आता कोणी घरी नेऊ नका मले.’ पंचवीस मिनिटांनी लाइन आली आणि आम्ही तिथून पुढे लावलं. शेवटी ती रडली. काकू रडल्या. मित्र उठून ओसरीत गेला आणि प्रोजेक्टरची जाळी झटकत बसला, जी त्याने सकाळीच झटकली होती.

सध्या खिडकीच्या उंबऱ्यावर कोळशाच्या दोन रेघा आहेत, मशीन पुन्हा ठेवताना जागा चुकू नये म्हणून. सोयाबीन आलं की खोली खाली करून द्यायची, असं काकांनी सांगून ठेवलंय. त्याआधी आजीला आणखी एक पिक्चर बघायचाय. तिची अट एकच, ‘पुढचा रंगीत आन जो.’